उणे दहात धावायला निघताना: कपड्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

दर नोव्हेंबरात तेच होतं. पुण्या-ठाण्यात हाफ मॅरेथॉन पळून आलेली मुलं-मुली इकडे कॅनडात टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनला येतात आणि पहिल्या कडक थंडीत कपाटातलं असेल नसेल ते अंगावर चढवून बाहेर पडतात. पहिला किलोमीटर बरा जातो. तिसऱ्याला घामाच्या धारा लागतात. सहाव्याला दमून चालायला लागतात आणि तिथून पुढे काकडायला सुरुवात होते. दुसऱ्या दिवशी मला निरोप येतो, "ताई, आता मार्चपर्यंत ट्रेडमिलच."

यातल्या बहुतेकांना कपडे कमी पडलेले नसतात. ते जास्त झालेले असतात, कापड चुकीचं असतं आणि ते भिजलेलं असतं. थंडीत धावणाऱ्याचा घात घाम करतो. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीत एकच प्रश्न विचारायचा आहे: मी कोरडी राहीन का?

मी लिहितेय ते अधिक १० ते उणे २० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यासाठी, इथल्या ओंटारिओ सरोवराकाठच्या अनुभवावरून. निफाड-नाशिककडे डिसेंबरच्या पहाटे पारा सहा-सातावर येतो तेव्हा धावणाऱ्यांना पहिल्या दोन पायऱ्या आणि हातमोजे एवढंच लागेल.

## पायरी १: आधी हवामान वाचा, मग कपाट उघडा

फोनवरचा एक आकडा बघून कपडे ठरवणं ही पहिली चूक. तीन गोष्टी बघायच्या: तापमान, वाऱ्याचा वेग आणि आकाशातून काही पडतंय का.

तापमान उणे १० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे २० सारखं लागतं. यालाच इथे विंड चिल म्हणतात आणि हवामान खातं तो आकडा वेगळा देतं. हा आकडा उणे २८ च्या खाली गेला की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, आणि उणे ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांतच.

आता नेमका इथेच गोंधळ होतो. विंड चिलचा आकडा बघून लोक छाती-पाठीवर तीन-तीन थर चढवतात. पण धावताना धड भट्टीसारखं तापतं. उघडा राहतो तो चेहरा, आणि गारठतात ती बोटं. म्हणून माझी पद्धत अशी:

- धड आणि मांड्यांसाठी: खऱ्या तापमानात १० मिळवा आणि त्या तापमानात नुसतं चालायला जाताना जे घालाल ते घाला. बाहेर उणे ५ असेल तर ५ अंशांत फिरायला निघाल्यासारखे कपडे.
- चेहरा, कान, हात यांच्यासाठी: विंड चिलचाच आकडा धरा, त्यात काही मिळवू नका.

तुम्ही अगदी सावकाश धावत असाल, किंवा धावणं आणि चालणं आलटून पालटून करत असाल, तर १० ऐवजी ५ मिळवा. शरीर तेवढं तापत नाही.

सावधान: सगळ्यात फसवा दिवस उणे १५ चा नसतो. तो असतो अधिक १ ते उणे २ चा, जेव्हा पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत असतं. उणे १५ ला हवा कोरडी असते आणि बर्फ कपड्यावरून झटकला जातो. शून्याच्या आसपास तो अंगावर वितळतो आणि आत शिरतो. मी अशा दिवशी अंतर निम्मं करते.

किती थंडीत जायचंच नाही? पहिलाच हिवाळा असेल तर विंड चिल उणे १५ पर्यंतच बाहेर पडा. मी स्वतः उणे २५ ला थांबते. दमा, हृदयविकार, किंवा थंडीत बोटं पांढरी पडण्याचा त्रास असेल तर हा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्या.

## पायरी २: आतला थर, म्हणजे निम्मं काम

अंगाला चिकटून असलेलं कापड चुकलं, तर वर कितीही महागाचं जाकीट घाला, उपयोग नाही. सुती बनियन, सुती टी-शर्ट आणि कुठल्यातरी शर्यतीत मिळालेला आवडता सुती टीशर्टसुद्धा, हे सगळं हिवाळ्यात धावायला बाद.

कारण साधं आहे. सुती धागा घाम पितो आणि धरून ठेवतो. स्थिर पाणी स्थिर हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. पळत असता तोवर शरीर ती तूट भरून काढतं. थांबलात की ओलं बनियन तुमच्या अंगातली ऊब शोषायला लागतं.

माझा पहिला हिवाळा असाच गेला. पोर्ट क्रेडिटजवळ सरोवराच्या कडेने पळत होते, उणे ६ होतं, आत सुती टी-शर्ट, वर जाड हुडी. परतीच्या वाटेवर पाय मुरगळला. घर तीन किलोमीटर. चालायला लागले आणि दहा मिनिटांत हुडहुडी भरली. घराशी पोचले तेव्हा बोटांना किल्ली फिरवता येईना, शेजारणीने दार उघडून दिलं. त्या दिवशी मी थंडीसाठी कपडे कमी घातले नव्हते, उलट जास्तच होते. ते ओले होते.

मग काय घालायचं? दोन पर्याय.

पॉलिएस्टरसारखं कृत्रिम धाग्याचं, घाम बाहेर ओढणारं कापड. धागा स्वतः पाणी पीत नाही, घाम पसरवतो आणि लवकर वाळतो. स्वस्त, टिकाऊ. वास मात्र धरतो.

मेरिनो लोकर. आपल्याकडच्या टोचणाऱ्या स्वेटरची आठवण काढू नका, हा धागा फार बारीक असतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा आत घेऊनही ओली लागत नाही, आणि ओलसर असतानाही ऊब देते. महाग आहे, आणि कसर लागू नये म्हणून जपावी लागते. एकच घेणार असाल तर उणे ८ च्या खाली जायच्या दिवसांसाठी घ्या.

भारतातून येताना आईने बॅगेत घातलेल्या थर्मलचं लेबल एकदा वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच थर्मलमध्ये सुताचं प्रमाण मोठं असतं. ती ऑफिसला जाताना, बसस्टॉपवर उभं राहताना छान आहेत. धावायला नकोत.

बायकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण दुकानात ती कुणी सांगत नाही. सगळ्यात जास्त घाम स्पोर्ट्स ब्रामध्ये साठतो, आणि तिचं अस्तर पुष्कळदा सुती किंवा जाड फोमचं असतं. वर मेरिनो आणि आत ओला फोम, असं झालं तर छातीवर गार फडकं बांधल्यासारखं होतं. पातळ, फोम नसलेली घ्या.

तपासा: आतला थर अंगाला लागून बसतो का? ढगळ असेल तर तो घाम उचलू शकत नाही. पण काखेत आणि मनगटाला आवळायलाही नको. हात वर करा, पाठ उघडी पडता कामा नये.

## पायरी ३: मधला थर, बहुतेक वेळा लागत नाही

उणे ५ च्या वर तो विसरून जा. आतला थर आणि वर वाऱ्याचं जाकीट पुरतं. त्याखाली पातळ फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापड) किंवा आतून ब्रश केलेल्या, म्हणजे आतल्या बाजूला लव काढलेल्या कापडाचा लांब बाह्यांचा टॉप घाला, आणि तो गळ्याशी अर्धी चेन असलेलाच घ्या. ती चेन म्हणजे तुमची खिडकी. चढावर उघडायची, उतारावर लावायची.

हुडी नको. मागे लोंबणारी टोपी घाम आणि बर्फ दोन्ही साठवते. पिसांचं फुगीर जाकीट तर मुळीच नको. पिसं भिजली की गोळा होतात आणि त्यांची ऊब संपते.

## पायरी ४: बाहेरचा थर वारा अडवतो, त्याने घाम अडवता कामा नये

बाहेरच्या थराकडून एकच काम हवं: समोरून येणारा वारा थांबवणं. आतली वाफ बाहेर जायलाच हवी. पूर्ण जलरोधक रेनकोटमध्ये ती कोंडते, आणि अर्ध्या तासात तुम्ही आतून तेवढेच भिजता जेवढे पावसात भिजला असता. म्हणून कोरड्या थंडीत पातळ विंडचीटर घ्या, ज्याची छाती वारा अडवणारी आणि पाठ किंवा काख जाळीची आहे. जलरोधक जाकीट फक्त त्या शून्याच्या आसपासच्या ओल्या दिवसांसाठी.

दुकानात तीन गोष्टी करून बघा. एक, हातमोजे घालून चेन वरखाली होते का. चेनच्या टोकाला दोरी नसेल तर घरी बुटाच्या नाडीचा तुकडा बांधा. दोन, कॉलर हनुवटीपर्यंत येते का. तीन, धावण्यासारखे हात हलवा: बाही मनगटावरून मागे सरकली तर हातमोजा आणि बाही यांच्यात फट पडेल, आणि त्या फटीतून शिरलेला वारा पूर्ण हात बधिर करतो.

चूक: घाम आल्यावर जाकीट काढून कमरेला बांधणं. ओल्या अंगावर अचानक वारा लागतो. त्याऐवजी घाम फुटायच्या आधीच चेन उघडा. आधी गळा, मग हातमोजे, मग टोपी, या क्रमाने ऊब कमी करायची. गारठा वाटला की उलट क्रमाने परत चढवायचं.

## पायरी ५: कमरेखाली

पाय सतत काम करत असतात, त्यामुळे त्यांना धडाइतकं झाकावं लागत नाही. ५ अंशांपर्यंत चड्डी किंवा पातळ टाइट्स, उणे ८ पर्यंत साध्या लांब टाइट्स, त्याखाली आतून ब्रश केलेल्या. उणे १५ च्या आसपास टाइट्सवर पातळ वारारोधक पँट.

पुरुषांनी एक काळजी घ्यावी. समोरून वारा असेल तेव्हा मांड्यांच्या मध्ये आणि त्यावर फक्त एक पातळ थर पुरत नाही. तिथली त्वचा बधिर झाल्याचं पळताना कळत नाही. पुढे वारारोधक तुकडा असलेली अंतर्वस्त्रं मिळतात. नसतील तर टाइट्सवर हाफ पँट चढवा, तेवढ्यानेही भागतं.

ढगळ ट्रॅकपँट टाळा. तिची मोरी बर्फात भिजते, ओल वर चढते आणि घोट्याशी गोठते.

## पायरी ६: हात, कान, चेहरा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण हिमदंश होतो तो इथेच.

हात. थंडीत शरीर आधी धडाची ऊब राखतं आणि बोटांकडचं रक्त कमी करतं. म्हणून धड घामेजलेलं आणि बोटं बर्फ, अशी विचित्र अवस्था होते. ५ अंशांपासून शून्यापर्यंत पातळ हातमोजे पुरतात. शून्याखाली दोन थर करा: आत पातळ हातमोजा आणि वर चारही बोटं एकत्र ठेवणारं मिटन. बोटं एकमेकांना ऊब देतात, म्हणून मिटन नेहमी पाच बोटांच्या मोज्यापेक्षा गरम. आतला पातळ मोजा असल्यामुळे किल्ली, फोन, नाक पुसणं यासाठी हात पूर्ण उघडा करावा लागत नाही.

घट्ट हातमोजा पातळ हातमोज्यापेक्षा वाईट. बोटं आत हलली पाहिजेत. अंगठी धावायला निघताना काढून ठेवा.

कान आणि डोकं. शून्याच्या वर कानपट्टी, खाली पातळ कानटोपी. आपली जाड लोकरी माकडटोपी घालून बघितलीत तर दहा मिनिटांत डोक्यातून घाम गळायला लागतो, आणि तोंडाजवळची लोकर श्वासाने ओली होऊन कडक होते. पातळ टोपी आणि वेगळा गळपट्टा, म्हणजे एकेक काढता येतं.

लांब केस असतील तर वेणी घालून टोपीत किंवा कॉलरच्या आत घ्या. घामाने ओली झालेली मोकळी शेपटी बाहेर राहिली तर टोकाला गोठते आणि प्रत्येक पावलाला गालावर आपटते.

धातूचे दागिने घरीच. कुड्या, चमकी, साखळी: धातू त्वचेची ऊब झटकन ओढून घेतो. पायातली जोडवीसुद्धा. जाड मोज्यात त्यांची जागा राहत नाही, बोट आवळलं जातं आणि नेमकं तिथलं रक्त कमी होतं. मंगळसूत्र काढायचं नसेल तर ते आतल्या थराच्या वर घ्या, त्वचेला लागू देऊ नका.

चेहरा. बफ नावाचा नळीसारखा पातळ गळपट्टा गळ्यात असू द्या आणि लागेल तेव्हा नाकापर्यंत ओढा. थंड कोरड्या हवेने खोकला येतो त्यांना याचा मोठा आधार असतो, कारण श्वासाची हवा जरा कोमट आणि दमट होऊन आत जाते. तोंडाशी तो ओला होतो, तेव्हा थोडा फिरवून कोरडा भाग पुढे घ्यायचा. दीड तासाच्या वर पळणार असाल तर दुसरा बफ खिशात ठेवा.

गालाला आणि ओठांना व्हॅसलिन लावलं तर वाऱ्याने त्वचा फुटत नाही. पण त्याने हिमदंश टळतो हा समज चुकीचा आहे. उलट लेप लावलाय म्हणून लोक निर्धास्त होतात. खोबरेल तेलावर तर भिस्त ठेवूच नका, ते २४ अंशांच्या आसपासच घट्ट होतं.

तपासा, दर वीस मिनिटांनी: नाकाचं टोक, कानाच्या पाळ्या आणि बोटं. दुखतायत तोवर ठीक आहे. दुखणं थांबून बधिरपणा आला आणि जागा पांढरट किंवा मेणासारखी दिसली, तर लगेच आडोशाला किंवा घरात जा. चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. उबदार तळहात धरा, बोटं काखेत घाला. घरी पोचल्यावर ३७ ते ३९ अंशांचं कोमट पाणी वापरा; शेकोटी, हीटर, गरम पाण्याची पिशवी नको, कारण बधिर त्वचेला भाजल्याचंही कळत नाही. रंग परतला नाही किंवा फोड आले तर दवाखाना.

## पायरी ७: मोजे आणि बूट

दोन जोड मोजे घालायची सवय सोडा. बूट तेवढाच राहतो, पाय आवळला जातो, रक्त कमी पोचतं आणि बोटं जास्त गारठतात. एकच मध्यम जाडीचा लोकरमिश्रित मोजा घ्या, टाइट्सच्या मोरीवर चढेल एवढा उंच. घोट्याशी उघडी पट्टी राहता कामा नये.

हिवाळ्याचे बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या आणि तोच मोजा घालून दुकानात जा.

जलरोधक बूट घ्यावेत का, हा प्रश्न दर वर्षी येतो. माझं उत्तर: कोरड्या किंवा दाबलेल्या बर्फावर नेहमीचे जाळीचे बूट आणि लोकरी मोजा उत्तम. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकल्यावर जो काळपट चिखल होतो त्यात जलरोधक बूट बरे, पण घोट्यावरून पाणी एकदा आत गेलं की ते बाहेर येत नाही. रोज चिखलातून जायचं नसेल तर ते पैसे मिटनवर खर्च करा.

घसरण्याचं काय? ताज्या बर्फावर खोल खाचांचे ट्रेल बूट, म्हणजे कच्च्या वाटेवर पळायचे बूट, पकड देतात. पण काळ्या बर्फावर, म्हणजे डांबरावर साचलेल्या पारदर्शक थरावर, कुठलाही रबरी तळ पकड देत नाही. त्यासाठी बुटावर चढवायचे छोटे लोखंडी काटे मिळतात. सलग बर्फ असेल तेव्हाच ते लावा. मध्येच उघडं सिमेंट आलं तर काटे घसरतात आणि गुडघ्याला हिसका बसतो. काटे नसतील तर पावलं छोटी करा, वळणावर चाला. पुलांवर जास्त जपा, तिथे खालूनही गार हवा लागते आणि बर्फ आधी धरतो.

बूट गाडीत किंवा गॅरेजमध्ये ठेवू नका. थंडीने तळाचा फोम कडक होतो आणि पहिले काही किलोमीटर लाकडी खडावा घातल्यासारखं वाटतं.

## पायरी ८: अंधार, पाणी, फोन

डिसेंबरअखेर टोरांटोत सूर्य पावणेआठनंतर उगवतो आणि पाचच्या आधी मावळतो. नोकरी करणाऱ्याचं धावणं म्हणजे अंधारातलंच धावणं. आणि आपण घेतो ते सगळे थंडीचे कपडे काळे. जाकिटावर परावर्तक पट्टे हवेतच, पण ते गाडीचा दिवा पडल्यावर चमकतात. म्हणून स्वतःचा उजेडही हवा: कपाळावर किंवा छातीवर पांढरा दिवा, पाठीवर लाल. बर्फाच्या ढिगांमुळे फुटपाथ बंद असेल आणि रस्त्याच्या कडेने जावं लागलं, तर समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पळा.

तहान थंडीत जाणवत नाही, घाम मात्र जातोच. तासापेक्षा जास्त पळायचं तर पाणी न्या. पाठीवरच्या पिशवीची नळी आधी गोठते, म्हणून छोटी बाटली कोमट पाण्याने भरून जाकिटाच्या आत ठेवा.

फोनही आतल्या खिशात, अंगाजवळ. थंडीत त्याची बॅटरी ४० टक्क्यांवरूनही अचानक बंद पडू शकते, आणि पाय मुरगळला तेव्हा तोच तुमचा आधार असतो. सोबत थोडे पैसे किंवा बसचं कार्ड, आणि घरी एक निरोप: कुठल्या वाटेने, किती वाजता परत.

## पायरी ९: घालायचा क्रम आणि दाराबाहेरची दोन मिनिटं

सगळं तयार आहे, तरी चूक इथे होते. पूर्ण कपडे घालून लोक घरात किल्ली शोधतात, घड्याळ चार्ज करतात, आणि बाहेर पडायच्या आतच घामेजतात. क्रम असा ठेवा:

1. आधी बाथरूमला जाऊन या.
2. आतला थर, टाइट्स, मोजे.
3. दिवे, घड्याळ, फोन, किल्ली जागच्या जागी.
4. घरातच पाच मिनिटं हालचाल: जिन्याच्या पायरीवर चढउतार, गुडघे वर, हात गोल. घाम यायच्या आत थांबा.
5. बूट.
6. मधला थर लागत असेल तर, मग जाकीट, टोपी, हातमोजे. दाराशी, शेवटी.

मग बाहेर दोन मिनिटं उभे राहा. जरासं गार वाटलं पाहिजे. अंगावर काटा येईल एवढं, दात वाजतील एवढं नाही. बाहेर उभं राहूनच छान ऊबदार वाटत असेल, तर आत जाऊन एक थर काढून या. ही चाचणी टाळली नाही तर निम्म्या चुका इथेच सुधारतात.

वाट निवडताना जाताना वारा तोंडावर आणि परतताना पाठीवर येईल असं बघा. जाताना तुम्ही कोरडे आणि ताजे असता. उलट केलंत तर पाठीवरच्या वाऱ्याने लांब जाता, घामेजता, आणि वळल्याबरोबर तोच वारा ओल्या छातीवर बसतो. सरोवराकाठी हा फरक फार जाणवतो. तिथे आडोसाच नसतो. मार्चअखेर हॅमिल्टनला होणाऱ्या अराउंड द बे या ३० किलोमीटरच्या शर्यतीसाठी जे सराव करतात, त्यांना जानेवारी-फेब्रुवारीत दोन-दोन, तीन-तीन तास बाहेर राहावं लागतं. त्यांनी लांब एकाच दिशेला न जाता घराभोवती पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्या माराव्यात. हातमोजे भिजले तर दारातच बदलता येतात.

सावधान: बोलणं अडखळतंय, बोटांनी चेन धरता येत नाही, पावलं वेडीवाकडी पडतायत, हुडहुडी थांबतच नाही: ही शरीराचं तापमान घसरल्याची लक्षणं आहेत. सोबतच्याला अशी दिसली तर "थोडंच राहिलंय" म्हणून पुढे नेऊ नका. जवळच्या दुकानात, इमारतीत शिरा. कुडकुडणं थांबलं पण माणूस गोंधळलेला आहे, झोपाळलाय, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही. लगेच ९११ ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन करा.

## पायरी १०: घरात शिरल्यावरची पाच मिनिटं

पळून झाल्यावर बाहेर उभं राहून गप्पा मारू नका, स्ट्रेचिंगही आत. घाम चालू असतो आणि भट्टी विझलेली असते. हीच सर्वांत जास्त गारठण्याची वेळ. गाडीने कुठे जाऊन पळणार असाल तर कोरड्या कपड्यांची पिशवी गाडीत हवीच: टॉप, ब्रा किंवा बनियन, मोजे, टोपी, जाड कोट. या बनियनला सुती असायला हरकत नाही.

बदलायचं ते वरून खाली आणि आतून: आधी छातीवरचा ओला थर, मग टोपी, मग मोजे. बूट सगळ्यात शेवटी. पायाला लगेच कढत पाणी घेऊ नका, आधी कोमट.

बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, हीटरला टेकवू नका, डिंक सुटतो. मिठाचे पांढरे डाग ओल्या फडक्याने त्याच दिवशी पुसा. घाम ओढणारे कपडे धुताना कपडे मऊ करणारं द्रावण घालू नका. त्याचा थर बसला की कापड घाम उचलत नाही. मेरिनो गार पाण्यात, पिळायचं नाही, आडवं वाळवायचं.

आणि फ्रिजवर एक कागद लावा. तारीख, तापमान, वारा, काय घातलं, कुठे गार लागलं, कुठे घाम आला. माझ्या कागदावर मागच्या जानेवारीतली एक ओळ आहे: "उणे ११, वारा २०, मेरिनो + विंडचीटर, मिटन. पाठ कोरडी. डावा अंगठा गार, मोजा घट्ट." पुढच्या वेळी उणे ११ असलं की मी कपाट उघडायच्या आधी ती ओळ वाचते आणि दुसरे मोजे काढते.